रुसवीचं खाचर

"विकू दे. विकली का मंग बघा, शेवटाला कोण येतो ते. मीच येणार. दुसरं हाय कोण?"

हे सोनुबाई आपल्या नवऱ्याला सांगत होती. नवरा नेहमीसारखा झोपलेला होता, नाहीतर झोपल्यासारखा. भिंतीच्या अलीकडे गौराबाई सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसली होती. तिचा हात थांबला.

"ऐकता का मी काय बोलते?"

"हं."

"काय हं? कप्पाळ."

मग भांडी आपटल्याचा आवाज आला आणि सोनुबाईचं बोलणं भांड्यांत मिसळून गेलं.

दोन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध ही भिंत घातली होती. माणसाच्या डोक्याच्या थोडी वर गेली आणि विटा संपल्या. वरचं पुढच्या वर्षी करू, असं दोघे भाऊ म्हणाले. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. त्यामुळे कौलांखाली हातभर मोकळी फट राहिली, आणि त्या फटीतून या घरची फोडणी त्या घरी शिंका द्यायची, त्या घरची कुरकुर या घरी ऐकू यायची. पण दोन्ही जावांचा एक नियम होता, कोणी न ठरवलेला. भिंतीवरून आलेलं ऐकलेलं धरायचं नाही. सोनुबाईचं पोट दुखतंय हे गौराबाईला सकाळीच कळायचं, पण सोनुबाई अंगणात येऊन "जाऊबाय, पोटात मुरडा येतोय गं" म्हणेपर्यंत गौराबाईने ओव्याच्या डबीला हात लावायचा नाही. असं केलं म्हणूनच एका छपराखाली इतकी वर्षं धड गेली.

तर आता "शेवटाला मीच येणार" म्हणजे काय, हे सोनुबाईला विचारायची सोय नव्हती. गौराबाई पुन्हा खडे वेचायला लागली. पण खड्यांबरोबर चांगले तांदूळही टाकत होती, हे तिच्या सुनेनेच दाखवून दिलं.

विकायची गोष्ट चालली होती ती रुसवीची.

रुसवी म्हणजे गौराबाईचं एकुलतं एक भाताचं खाचर. कडावच्या पुढे डांबरी सोडून आत वळलं की आठ घरांची ही वाडी, आणि वाडीच्या खाली उतरणीला आठ घरांची खाचरं. रुसवी खालून दुसरी, सोनुबाईच्या खाचराच्या बरोबर वर. पूर्वी तिला नुसतं विहिरीकडचं म्हणायचे. मग ती पिकेनाशी झाली आणि लोक तिला रुसवी म्हणू लागले. एकदा नाव पडलं की माणसाचंही सुटत नाही, मग जमिनीचं कुठलं सुटायला?

गौराबाईचा मुलगा नवनाथ खोपोलीच्या एका कारखान्यात होता. मोटरसायकलवरून जायचा-यायचा. पलीकडची माळाची जागा मुंबईच्या एका पार्टीने घेतली होती, कंपाउंड घातलं होतं, आणि कंपाउंडच्या गेटावर दोन सिमेंटचे मोर बसवले होते. त्याच पार्टीला आता रुसवी हवी होती.

"आई, मी रागानं बोलत नाय," नवनाथ जेवताना म्हणाला होता. "पण दरसाल बघतो ना. माझी सगळी रजा लोकांच्या शेतात चिखल तुडवण्यात जाते. आपली पाळी येते तवा रजा संपलेली असते. आन मग पिकतं काय, तर कोंबड्यांचा दाणा. यंदा शेवटचं बघू. यंदा पिकली तर ठेवू. नाय पिकली तर दिवाळीनंतर सह्या करू."

गौराबाईने तेव्हा उत्तराऐवजी पळी उचलली होती. त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली होती. न बोलायचं असलं की ती वाढायची. तिच्या घरी जेवणारी माणसं त्यामुळेच भरल्या अंगाची होती.

रूपाली, नवनाथची बायको, गेल्या माघात लग्न होऊन आली. माहेर शेलूचं. स्टेशनजवळच्या त्यांच्या शेतात आता तीन बिल्डिंगी उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीत तिचे आईवडील राहत होते. आपल्याच जमिनीवर, पण चौथ्या मजल्यावर. वडिलांनी खिडकीत कुंडीत चार काड्या भात लावला होता. "लोंब्या येतात," रूपाली सांगायची, "पण चिमण्या दाणे राखत नाहीत." हे ती हसत सांगायची आणि मग कुठलं तरी काम शोधत उठून जायची.

त्या दिवशी सकाळी ती कोंबड्यांना भात टाकत होती. भात कसला, पोचट. मुठीत घेतला तर वजन लागत नव्हतं. रुसवीचाच तो.

"आई, आपली लावणी शेवटी का असते?"

"ती पिकत नाय ना. ज्याचं पिकतं त्याचं आधी उरकायचं."

"आणि पिकत का नाही?"

"रुसवी हाय ती."

"रुसवी हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? पिकत नाय त्यावरून."

रूपालीने आणखी एक मूठ टाकली. कोंबड्या धावल्या, दाणे उचलले, निम्मे टाकून दिले. "म्हणजे पिकत नाही म्हणून रुसवी. रुसवी म्हणून पिकत नाही."

"हां."

"आणि पिकत नाही म्हणून शेवटी लावायची."

"हां. आता कळलं ना?"

"नाही," रूपाली म्हणाली.

गौराबाई हसली. शेलूच्या पोरीला शेतातलं काय कळणार, असं मनात म्हणाली आणि विहिरीवर गेली. पण घागर भरताना तिला वाटलं, आपल्यालाही कळलेलं नाही. इतकी वर्षं नुसतं पाठ होतं.

ही वाडी सावडीवर चालते. सावड म्हणजे मजुरी नाही, हाताला हात. आज सगळ्या घरांनी मिळून याचं खाचर लावायचं, उद्या त्याचं, परवा आणखी कोणाचं. वाडीतल्या तरण्या पोरांपैकी निम्मी कंपन्यांत गेली, तरी लावणीला रजा टाकून येतात. कोणाचं खाचर कधी लावायचं ही पाळी ठरते नागूतात्यांच्या पडवीत. नागूतात्या वाडीत सगळ्यांत मोठे. त्यांच्याकडे एक चांगला गुण होता, ते कधी कोणावर ओरडत नसत. त्यामुळे त्यांचं कोणी मोडतही नसे.

शेवटच्या खाचराचा एक रिवाज होता. शेवटची मूठ रोवली की लावणी संपली. मग चिखल उडवायचा. बाया पुरुषांना लोळवणार, दीर भावजयांना माखणार, सासवांनाही त्या दिवशी सूट नाही. आणि ज्याचं खाचर शेवटचं, त्याच्या घरी सगळ्या वाडीचं जेवण. कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या, श्रावण लागायच्या आत.

पूर्वी पाळी फिरायची. एका साली वरून खाली, दुसऱ्या साली खालून वर. शेवटचं जेवणही फिरायचं. नवनाथचा बाप गेला ते वर्ष मात्र वेगळं गेलं. तो गेला ऐन लावणीत, तापाने. गौराबाईच्या घरी सुतक. नागूतात्या स्वतः दारात येऊन म्हणाले होते, "तू बस बाय. चिखलात उतरू नको. तुझं आमी शेवटी लावून देऊ." आणि दिलं लावून. ती उंबऱ्यात बसून होती, आणि सगळी वाडी तिचं खाचर लावत होती. एकाही माणसाने त्या दिवशी चिखल उडवला नाही. ते ती कधी विसरली नाही.

त्या वर्षी भात कमी आला. उशिरा लावलेला, येणारच कमी. पुढच्या वर्षी पडवीत कोणीतरी म्हणालं, गौराबाईचं गेल्या साली धड पिकलं नाही, ते ऱ्हाऊ दे मागं, पिकणारी आधी घेऊ. यात चूक काय होती? काही नाही. गौराबाईने त्या साली पाच कोंबड्या कापल्या, उपकार फेडायला. वाडी बोटं चाटत घरी गेली. त्याच्या पुढच्या साली म्हणाले, रस्सा खावा तर गौराबाईचा, तिचंच शेवटी ठेवा. झालं. त्यानंतर पाळी फिरायची बंद झाली ती झालीच.

घागर कठड्यावर ठेवून गौराबाई रुसवीच्या बांधावर गेली. तिथून सगळं दिसत होतं. पलीकडे सिमेंटचे मोर. अलीकडे सोनुबाईचं खाचर, आणि मध्ये फक्त एक बांध, पाऊल ठेवायला जेमतेम पुरेल एवढा. पाणी इकडचं तिकडे जातं, तिकडचं इकडे येतं. खेकडे तर विचारतही नाहीत. सोनुबाईच्या भातात उभं राहिलं की कमरेला लागतो. रुसवीतला भात गुडघ्याच्या वर कधी आला नाही. वीतभर बांध ओलांडला की माती रुसते, असं कसं?

तिला एकदम दिसायला लागलं. म्हणजे आधी दिसत नव्हतं असं नाही. जसं स्वतःच्या घरातलं कोळिष्टक पाहुणा येईपर्यंत दिसत नाही, तसं.

रोप सगळ्यांचं एकाच वेळी पेरलेलं असायचं. पण कोणाला रोप कमी पडलं की यायचे गौराबाईकडे. "तुझं शेवटी हाय, तोपर्यंत होईल कुठून तरी." ती द्यायची. कवळं, हिरवंगार रोप द्यायची. आणि शेवटी तिच्या वाट्याला यायचं ते सगळ्यांचं उरलेलं. कोणाचं कोलम, कोणाचं रत्ना, कोणाचं कर्जत-तीन, असे सगळे वाण एकत्र. गुडघाभर वाढलेलं, कांड्यावर आलेलं, म्हातारं. त्याला फुटवे कुठून येणार? आणि लावणारे हात तरी कसले? दमलेले. निम्मे लोक रजा संपवून गेलेले, उरलेल्यांचं अर्धं लक्ष रश्शाकडे. पोरं तर लावणी संपायच्या आधीच चिखल उडवायला लागत, आणि नुकतं रोवलेलं रोप पायाखाली जाई. मग भाद्रपदात एका काडीला लोंबी निसवायची, शेजारची अजून हिरवीच. आधी पिकलेलं पाखरं खायची, मागून आलेलं वाळून जायचं. घरी यायचा तो पोचट भात. पोचट भात कोंबड्या खायच्या. कोंबड्या वाडी खायची. आणि वाडी कोंबड्या खाऊन म्हणायची, गौराबाय, पुढल्या साली पण शेवटी तुझंच हां!

गौराबाईला बांधावर उभ्या उभ्या हसू आलं. मग हसू गेलं.

"शेवटाला मीच येणार." आता सोनुबाईचं बोलणं तिला कळलं. रुसवी विकली गेली, तर तिच्या आधीचं खाचर सोनुबाईचं. मग ते शेवटाला येणार. मग त्यात उरलेलं रोप पडणार, आणि दोन-चार वर्षांत सोनुबाईचं खाचर रुसणार. म्हणजे सोनूला माहीत होतं. आणि सोनूला माहीत होतं म्हणजे सगळ्या वाडीला माहीत होतं, कारण सोनूच्या पोटात एकट्याने काही राहत नाही.

पण खरं सांगायचं तर गौराबाईला सगळ्यांत जास्त टोचलं ते वेगळंच. आपण कधी विचारलं का नाही? विचारलं नाही, कारण तो एक दिवस तिला हवा होता. नवनाथचा बाप गेल्यावर तिच्या पडवीत माणसांनी दाटी केली ती वर्षातून त्या एकाच दिवशी. चिखलाने माखलेली माणसं पाय धुऊन ओळीने बसायची, "गौराबाय, रस्सा आण गं" असा चहूकडून ओरडा व्हायचा, आणि ती वाढता वाढता घामाने भिजून जायची. पाळी फिरली, तर तो दिवस दुसऱ्याच्या पडवीत जाणार. रुसवी पिकली तर पडवी रिकामी. असा तो हिशेब होता, आणि तो तिने कधी मोठ्याने केला नव्हता.

घरी येऊन तिने एक वाक्य तयार केलं. "यंदा माझं पहिलं लावा." एवढंच. कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणून पाहिलं. भाकरी थापताना म्हणून पाहिलं. रूपालीने विचारलं, "आई, कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाय. तवा तापला का बघ."

पाळी ठरवायच्या बैठकीच्या दिवशी संध्याकाळी नागूतात्यांची पडवी भरली. पुरुष वर बसले, बाया खांबांना टेकून कडेला. पदूने, ज्याच्याकडे वाडीतला एकुलता एक पॉवर टिलर होता, आल्या आल्या डिझेलचं रडगाणं लावलं. सोनुबाई गौराबाईच्या शेजारीच येऊन बसली, मांडीला मांडी लावून. नवनाथ ड्यूटीवरून थेट आला होता, हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. त्याच्या मागे रूपाली, डोक्यावर पदर, कान उघडे.

चहा फिरला. नागूतात्यांनी बोटांवर पाळी धरली. आधी त्यांचं वरचं, मग पदूचं, मग शकूच्या घरचं, असं करत करत ते खाली उतरू लागले. गौराबाईच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं.

"मंग सोनुबाय," तात्या म्हणाले. "आन शेवटाला आपली गौराबाय. रश्शाचं काय सांगायला नको."

सगळे हसले. "खोबरं जास्ती घाल यंदा, काकू," पदू म्हणाला.

गौराबाईने तोंड उघडलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने आतून तेच आलं, "हो, हो, माझं काय, ठेवा..." तेवढ्यात तिची नजर रूपालीकडे गेली. रूपाली काही खुणावत नव्हती. नुसती बघत होती, त्या सकाळी कोंबड्यांकडे बघत होती तशी. गौराबाईचं तयार वाक्य कुठल्या कुठे गेलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

"यंदा माझ्याकडं जेवण नाय."

पदूने चहाचा कप खाली ठेवला.

"का गं काकू?" पदू घाबरूनच म्हणाला. "कोंबड्यांना रोग आला का?"

"कोंबड्या धड हायत. जेवण नाय."

"बरं नाय का तुला?"

"मी पण धड हाय."

नागूतात्यांनी घसा खाकरला. "असं कसं गौराबाय? ज्याचं शेवटी, त्याच्याकडं जेवण. रीत हाय ती. तुझं शेवटी, म्हणून तुझ्याकडं."

"माझ्याकडं जेवण चांगलं होतं, म्हणून माझं शेवटी, असं तुमीच म्हणाला होता ना तात्या?"

तात्यांनी वर कौलांकडे पाहिलं. म्हणाले होते खरे.

"तसं नाय काकू," पदू पुढे सरसावला. "टिलरचं पण हाय ना. टिलर वरून खाली येतो. तुझं पडतं खाली."

"माझ्या खाली सोनूचं हाय, पदू. तुझा टिलर दरसाल माझ्या बांधावरून पुढं जातो आन परत फिरून माझ्याकडं येतो. दोनदा बांध फोडतो तू माझा."

पदू टिलरचा विषय सोडून पुन्हा डिझेलकडे वळला. तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"पण पिकत नाय ना गं ती," शकू कडेवरच्या नातवाला थोपटत मऊ आवाजात म्हणाली. "पिकणाऱ्या आधी घेतलेल्या बऱ्या. उगाच सगळ्यांचं नुकसान कशाला?"

"पिकत का नाय?" गौराबाईने विचारलं. आवाज चढवला नाही. खरंच विचारलं.

"आता ते... रुसवी हाय ना ती."

"कशावरून?"

शकूने नातवाला जास्त जोरात थोपटायला सुरुवात केली. पोर झोपलेलं होतं ते उठून बसलं.

प्रत्येक जण आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. ही माणसं वाईट नव्हती. याच माणसांनी सुतकात तिचं खाचर लावलं होतं, आणि गौराबाईला त्यांच्याकडे बघून थोडी दयाच आली. तिला वाटलं, जाऊ दे. एवढं ताणायला नको होतं. आत्ता "बरं, करते जेवण" म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पुन्हा उजळतील, चहाचा दुसरा कप येईल, आणि तात्या बोटं मिटतील. तिच्या ओठांवर आलंही ते.

पण तिच्या आधी नवनाथ बोलला. दमलेला होता तो. "सोड ना आई. शेवटी तर शेवटी. एका सालाचा तर प्रश्न हाय. दिवाळीनंतर तशी पण ती आपली राहायची नाय. पार्टीला शब्द दिलाय मी, नाय पिकली तर देतो म्हणून."

वाडीला कुजबुज माहीत होती. पण तोंडावर सांगितलेलं आज पहिल्यांदा. गौराबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. विहिरीकडचं. ती नवी नवरी होती तेव्हा नवऱ्याने तिला पहिल्यांदा दाखवलं होतं ते हेच. म्हणाला होता, आपलं एवढंच हाय, पण बघ कसं हाय! तिथे आता सिमेंटचा तिसरा मोर बसणार होता.

"अरेरे," नागूतात्या म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले.

"वाईट झालं," शकू म्हणाली.

पदूलाही वाईट वाटलं होतं. पण पदूच्या डोक्यात जे येतं ते तोंडात न थांबता बाहेर येतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. "म्हणजे," तो म्हणाला, "पुढल्या सालापासून शेवट कोणाचा?"

त्याने कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण एकेक करून सगळ्या माना वळल्या. नागूतात्यांची वळली, शकूची वळली, पडवीच्या टोकाला डुलक्या घेणाऱ्या सोनुबाईच्या नवऱ्याचीही वळली. सगळे सोनुबाईकडे बघायला लागले. कोणी वाईट नजरेने नाही. जसं पंगतीत उरलेल्या पाटाकडे बघतात, आता इथे कोण बसणार म्हणून, तसं.

गौराबाईची मांडी सोनुबाईच्या मांडीला लागून होती. सोनूने आपली मांडी काढून घेतली. भीतीने का रागाने, ते कळेना. भिंत असती तर कळलं असतं.

"माझ्याकडं काय बघता?" सोनुबाई म्हणाली.

"नाय गं, कोण बघतंय," तात्या म्हणाले.

"सगळे बघताय. मला ठाव हाय काय बघताय ते. आज तिची रुसवी, उद्या माझी. परवा शकूची. मंग तात्या, असं करत करत वर याल तुमी, आन गेटावर मोर बसतील सगळीकडं."

"सोने," गौराबाई हळूच म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

"का ऱ्हाऊ दे? तू ऐकतेस ना रोज, भिंतीवरून? का नाय ऐकत?" सोनुबाई तिच्याकडे वळली. आणि तो नियम, कोणी न ठरवलेला, तिथेच मोडला. "मी तिकडं बोलते, तू इकडं खडे वेचतेस. मला वाटतं आज येईल, आज भांडेल माझ्याशी. येत नाय. उद्या पण येत नाय. मंग मी आणखी मोठ्यानं बोलते."

इतकी वर्षं जाऊबाईची कुरकुर गौराबाईला आपल्याबद्दलची वाटत होती. ती आपल्याला ऐकवण्यासाठी होती, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काकी, जाऊ दे ना आता," नवनाथ म्हणाला.

"तू गप रं. तुझा बाप असता तर मला बोलावं लागलं नसतं." सोनुबाईने पदर खोचला, जसा चिखलात उतरताना खोचतात. मग तात्यांकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली:

"बांध केवढा हाय मधी? पाऊलभर. माझ्यात पिकतं, तिच्यात नाय, आन आमी म्हणतो माती रुसली. माती कशाला रुसते? कवळं रोप आपण तिच्याकडून नेतो आन म्हातारं तिला देतो. ताज्या हातांनी आपलं लावतो, दमलेल्या हातांनी तिचं. शेवटी लावतो म्हणून पिकत नाय, आन पिकत नाय म्हणून शेवटी लावतो. हे मला ठाव हाय, तात्या, तुमाला ठाव हाय, ह्या पदूला पण ठाव हाय. आपल्याला कोणतरी शेवटाला पायजे होतं. तिच्या बाजूनं बोलायला माणूस नव्हता, म्हणून आपण तिला ठेवली."